ताप-सर्दीत स्वॅब: घरचं किट की आरटीपीसीआर?

गणपतीला मुंबईकर आले की घरात कुणाचा ना कुणाचा घसा धरतोच. घरात म्हातारी माणसं असतील तर तपासून घ्यावं. औषधाच्या दुकानातलं कोविड अँटिजेन किट आणायचं की आरटीपीसीआरसाठी (नमुना लॅबला पाठवून होणारी विषाणूची तपासणी) तालुक्याला जायचं, एवढंच ठरवायचं असतं.

किटची तयारी थोडकी. नाक शिंकरा, हात धुवा, पत्रकात सांगितलंय तेवढीच कांडी आत घाला आणि दोन्ही नाकपुड्यांत फिरवा. आपल्याकडच्या दमट हवेत पाकीट आधीपासून फोडून ठेवू नका, अगदी ऐन वेळी फोडा. पंधरा मिनिटांत निकाल दिसतो. पत्रकातली वेळ उलटून गेल्यावर उमटलेली रेघ मात्र धरायची नाही. निकाल पॉझिटिव्ह आला तर पुन्हा आरटीपीसीआरची गरज नाही. निगेटिव्ह आला आणि ताप-खोकला आहेच, तर त्यावर विसंबून आजीच्या शेजारी बसू नका. विषाणू कमी असला की किटला तो सापडत नाही. शिवाय हे किट फक्त कोविड बघतं, फ्लू नाही.

आरटीपीसीआरला खटपट जास्त, पण भरवसाही जास्त. घशातूनही स्वॅब घेतात, म्हणून आधी अर्धा तास खाणं-पिणं, गुळण्या, तंबाखू, मशेरी सगळं बंद. आधारकार्ड, चालू मोबाइल नंबर आणि ताप कोणत्या तारखेला आला ते लिहून न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा नाकाचं ऑपरेशन झालं असेल तर कांडी घालण्याआधीच सांगा. नमुना 2 ते 8 अंशांत थंड ठेवून लॅबला पाठवावा लागतो. तो आजच निघणार का, हे फोनवर विचारूनच एसटी पकडा. एच1एन1 (स्वाइन फ्लू) पण तपासणार का, तेही विचारा.

माझं मत स्पष्ट आहे: घरात सत्तरीचं माणूस, गरोदर बाई किंवा दम्याचा रुग्ण असेल तर थेट आरटीपीसीआर. आणि रिपोर्टची वाट बघत डॉक्टरकडे जाणं लांबवू नका, कारण फ्लूचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं.

शेतात चिखलात राबलेल्या माणसाला ताप आहे, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल आहेत, पण सर्दी नाही, अशा वेळी या दोन्हींचा उपयोग नाही. तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतानं दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) असू शकतो. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासा.