धुक्यातला मेग्रे : 'ला न्वी द्यु कार्फूर'

कादंबरीकार जॉर्ज सिमेनाँ यांचा पोलीस अधिकारी मेग्रे पडद्यावर पहिल्यांदा अवतरला तो १९३२ साली, फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रन्वार यांच्या 'ला न्वी द्यु कार्फूर' म्हणजे 'चौरस्त्यावरची रात्र' या चित्रपटात. पॅरिसबाहेरच्या एका चौरस्त्यावर मोजकी घरे आणि एक गॅरेज आहे. तिथल्या विमा एजंटाची मोटार शेजारी राहणाऱ्या डॅनिश भावंडांकडे सापडते आणि तिच्यात अँटवर्पच्या हिरेव्यापाऱ्याचे प्रेत असते.

फ्रान्समध्ये बोलपट नुकताच रुळत होता आणि स्वच्छ आवाजासाठी बहुतेक चित्रण स्टुडिओच्या बंद भिंतींआड होत असे. अशा काळात रन्वार यांनी पॅरिसजवळच्या बुफेमाँच्या परिसरात, धुक्यात आणि चिखलात, बराचसा चित्रपट रात्री चित्रित केला व आवाजही शक्यतो त्याच जागी मुद्रित केला. म्हणूनच इथे इंजिनांची घरघर आणि रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनांचा गलका हे संवादांइतकेच महत्त्वाचे ठरतात, किंबहुना चौरस्त्यावर काहीतरी काळेबेरे चालले आहे हे पात्रांच्या बोलण्याआधी त्या आवाजांतूनच जाणवू लागते. रात्रीच्या पाठलागात कॅमेरा मोटारीवरच बसवलेला असल्याने दिव्यांच्या झोतात येईल तेवढाच रस्ता दिसतो, पुढचे वळण कुठे आहे हे आपल्यालाही कळत नाही, आणि इतक्या वर्षांनंतरही हा प्रसंग श्वास रोखायला लावतो.

दिग्दर्शकाचे थोरले बंधू पिएर रन्वार यांनी मेग्रे साकारला आहे. धिप्पाड, मितभाषी, समोरच्याला बोलू देणारा हा मेग्रे पुढच्या अनेक नटांच्या मेग्रेपेक्षा मला अधिक पटतो. डॅनिश भावंडांतली बहीण एल्स हिच्या भूमिकेतील विना विन्फ्रिड यांचा आळसावलेला वावर आणि परकी धाटणीचे फ्रेंच बोलणे संशय वाढवत नेते. मेग्रे आणि तिच्यातले प्रसंग चौकशीचे आहेत की परस्परांना जोखण्याचे, हे ठरवणे कठीण जाते.

उत्तरार्धात मात्र कथेचे दुवे निसटतात. चित्रणाची काही रिळे हरवल्याची आख्यायिका त्यामुळेच टिकून असावी. खुनाची काटेकोर उकल हवी असलेल्या प्रेक्षकाची निराशा होईल, हे मान्य करावे लागेल. तरीही गुन्ह्याभोवतीचे वातावरण इतक्या निष्ठेने उभे करणारा त्या काळातला दुसरा फ्रेंच चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. शक्य असेल तर तो दुरुस्त केलेल्या प्रतीत आणि चांगल्या ध्वनियंत्रणेवर पाहावा, कारण खराब प्रतीत धुके नुसतेच करडे दिसते आणि आवाजातले बारकावे हरवून जातात.