एफवायच्या वर्गात प्रश्न कसा विचारावा: हात वर, चिठ्ठी की कार्ड?

एफवायबीएस्सीचा वर्ग पहिल्यांदाच हाती आला असेल, तर समोरच्या शंभरेक मुलांत कुणाची दहावी मराठी माध्यमातून झालेली असते, कुणाची सेमी-इंग्रजीतून, कुणाची इंग्रजीतून. "समजलं ना?" विचारलं की सगळा वर्ग सुरात "हो सर" म्हणतो. त्या 'हो'वर विसंबून पुढचा धडा घेऊ नये. मग विचारायचं कसं?

हात वर करा

तयारी काही लागत नाही आणि पोर्शन पळतो. पण उत्तरं देणारी चार-पाच मुलं ठरलेली. अमेरिकेतल्या जीवशास्त्राच्या प्राथमिक वर्गांवरचा एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. त्या वर्गांत मुली 60 टक्के होत्या, पण उत्तर देणाऱ्यांत त्यांचे आवाज 40 टक्क्यांहूनही कमी. आपल्याकडे त्यात इंग्रजीच्या धाकाची भर. हीच पद्धत ठेवायची तर निदान थांबायला शिका. मेरी बड रो यांनी शाळांच्या वर्गांत मोजलं होतं: शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात.

चिठ्ठी काढून नाव पुकारणं

सगळ्यांना सारखी संधी. वरच्याच अभ्यासात नावं यादृच्छिक पुकारली तिथे मुला-मुलींतली तफावत उरली नव्हती. पण मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची इथे भौतिकशास्त्र आणि इंग्रजी अशी दुहेरी परीक्षा होते, तीही सगळ्यांसमोर. म्हणून "तुला काय वाटतं?" ऐवजी "तुमच्या बाकावर काय ठरलं?" असं विचारावं, मराठीतलं उत्तर चालवून घ्यावं आणि "पुढच्याला विचारा" म्हणायची मुभा द्यावी.

आधी स्वतः, मग शेजाऱ्याशी

हार्वर्डचे एरिक माझूर यांनी 1991 पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात रुजवलेली पद्धत. उदाहरणार्थ, सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूला पोचला, तिथे त्याचं त्वरण किती? फळ्यावर पर्याय लिहा आणि मोठ्याने वाचाही, म्हणजे ज्याला नीट दिसत नाही तोही मागे पडत नाही. एक मिनिट शांतता. मग सगळ्यांनी एकदम अ-ब-क-ड कार्ड छातीशी धरायचं, म्हणजे मागच्याला दिसत नाही. बरेच जण 'शून्य' म्हणतील; वेग शून्य होतो, त्वरण नाही. बरोबर उत्तरं साधारण 30 ते 70 टक्के असतील तर शेजाऱ्याला पटवायला सांगा आणि पुन्हा कार्ड मागा. त्याहून कमी असतील तर तुम्हीच पुन्हा शिकवा. क्लिकर (बटण दाबून उत्तर नोंदवायची यंत्रं) लागत नाहीत, कागद पुरतो.

मला हीच पद्धत सर्वात उजवी वाटते. कारण वाद हव्या त्या भाषेत घालता येतो आणि चुकणारा एकटा पडत नाही. संज्ञा मात्र फळ्यावर दोन्ही भाषांत लिहा. पेपर इंग्रजीत येतो.

किंमतही आहे. एका प्रश्नाला आठ-दहा मिनिटं सहज जातात, चांगला प्रश्न बनवायला त्याहून कितीतरी जास्त. गोंगाट ऐकून शेजारच्या वर्गातले सर डोकावतात. "मॅडम शिकवतच नाहीत" अशी तक्रारही येते. हार्वर्डमध्येच 2019 च्या अभ्यासात अशा वर्गातल्या मुलांना आपण कमी शिकलो असं वाटलं होतं, चाचणीत गुण मात्र जास्त. तेव्हा असं का शिकवतोय, हे पहिल्याच तासाला सांगून टाका. 2020 च्या एका मोठ्या आढाव्यात, मुलांना असं सक्रिय ठेवून शिकवल्यावर मागे राहिलेले गट आणि इतर यांच्यातली गुणांची दरी सरासरी 33 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. पण तासाचा बराच वेळ त्यात घातला तिथेच. चवीपुरतं वापरून ते साधत नाही.

सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) असाल, पोर्शन दुसऱ्याने आखलेला असेल, तर 'हात वर'चीच पद्धत ठेवा, प्रश्नानंतर थांबा आणि दर तासाला एक कार्ड-प्रश्न घ्या. पूर्ण पेपर तुमच्याकडे असेल तर कार्डं मुख्य करा. चिठ्ठी प्रॅक्टिकलच्या बॅचसाठी राखा. तिथे वीसेक मुलं असतात आणि नावं लवकर पाठ होतात.