मुलींचे निवासी उन्हाळी शिबिर: आधी न्हाणीघर बघा, मग रॅपलिंग

वार्षिक परीक्षेचे वेळापत्रक लागायचा अवकाश, की पत्रके फिरू लागतात: ‘खास मुलींसाठी, ७ दिवस निवासी, वयोगट १० ते १५’. मुळशी, भोर, कर्जत, भंडारदरा अशी ठिकाणे बदलतात. यादी तीच राहते. रॅपलिंग (दोराने कडा उतरणे), झिपलाइन, तिरंदाजी, तंबू, शेकोटी, आकाशदर्शन. या यादीवरून शिबिर निवडू नये. मुलीचा आठवडा कसा जाणार हे यादीत नसलेल्या दोन जागांवर ठरते: संडास-न्हाणीघर आणि रात्री झोपायची खोली. या दोन्ही जागा स्वतः पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नका.

हिशेब सोपा आहे. तुकडीत ४० मुली आणि चालू स्थितीत ४ संडास असतील, तर एकेकीला ६ मिनिटे धरून तासाभरात सगळ्या आवरतात. दोनच असतील तर दोन तास लागतात. सकाळी साडेपाचला उठवून साडेसहाला व्यायामाला उभे करायचे असेल, तर निम्म्या मुली तशाच मैदानावर येतात. दुसऱ्या दिवसापासून मुली स्वतःच तोडगा काढतात आणि पाणी पिणे कमी करतात. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला तीन लिटर पाणी पोटात जायला हवे, तिथे बाटली संध्याकाळीही अर्धी भरलेली दिसते. तिसऱ्या दिवशी डोके दुखू लागते, चक्कर येते, कुणाला लघवीला जळजळ होते. आयोजक म्हणतात, ‘शहरातल्या मुली, ऊन सोसत नाही.’ पुष्कळदा उन्हापेक्षा संडासाची रांग, तुटलेली कडी आणि अंधारातली वाट याला जास्त कारणीभूत असते. म्हणून पाहायला जाल तेव्हा कडी आतून लावून बघा, नळ सोडून बघा आणि खोलीपासून संडासापर्यंत रात्री दिवा असतो का ते विचारा. पाण्याचा टँकर येत असेल तर किती दिवसांनी येतो, हेही विचारा. मे महिन्यात सह्याद्रीतल्या विहिरी तळ गाठतात.

पाळीची व्यवस्था हा मुलींच्या शिबिराचा खरा कस. १० ते १५ या वयात कुणाची पहिलीच पाळी शिबिरात येऊ शकते, त्यामुळे ‘सोबत पॅड आणावेत’ एवढी सूचना पुरेशी नाही. पॅड, जुने वर्तमानपत्र आणि झाकणाचा डबा प्रत्येक संडासात ठेवलेला हवा. पॅड मागायला कार्यालयात जावे लागत असेल आणि तिथे दादा बसलेला असेल, तर मुलगी जाणार नाही. डबा रोज संध्याकाळी रिकामा व्हायला हवा. पॅड जाळण्याचे यंत्र भिंतीवर दिसले म्हणून समाधान मानू नका. वीज जाणाऱ्या गावात ते बहुधा शोभेचे असते. आणखी एक प्रश्न आवर्जून विचारा: पाळी आलेल्या मुलीला ट्रेकला नेता की बसवून ठेवता? ‘आम्ही तिलाच विचारतो’ हे उत्तर बरोबर. परस्पर बसवणारे जितके चुकतात, तितकेच ओढून नेणारेही. पोटदुखीची गोळी पालकांच्या लेखी परवानगीशिवाय देऊ नये. परवानगीच्या कागदावर औषधाचे नाव आणि मात्रा दोन्ही लिहून द्या.

झोपायच्या खोलीबद्दल मोघम उत्तर चालवून घेऊ नका. ताई त्याच खोलीत झोपतात की पलीकडच्या इमारतीत? एकच ताई असेल तर ती आजारी मुलीला घेऊन दवाखान्यात गेल्यावर मागे कोण? निदान दोघी हव्यात. स्वयंपाकी, चालक, तंबूवाले यांची राहण्याची सोय वेगळ्या अंगाला असावी आणि पोलीस पडताळणीचे कागद मागितल्यावर दाखवता यावेत. कोणत्याही मोठ्या माणसाने एकट्या मुलीला बंद खोलीत घेऊन बसायचे नाही, हा नियम शिबिरात बोलून दाखवला जातो का ते विचारा. तक्रार कुणाकडे करायची, हे पहिल्या संध्याकाळी मुलींना नाव घेऊन सांगायला हवे आणि १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक भिंतीवर लावलेला हवा. घरची आठवण बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या रात्री येते. त्या दिवशी ठरल्या वेळी पाच मिनिटांचा फोन करू देणारे शिबिर आम्हाला ‘सात दिवस संपर्क नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचे वाटते. शिबिर चालू असतानाच मुलींचे फोटो ठिकाणासह इन्स्टाग्रामवर टाकणाऱ्यांना मात्र लेखी नकार द्या. फोटो शिबिर संपल्यावर फक्त पालकांना द्यावेत.

आता रॅपलिंग. पत्रकावर याचाच फोटो असतो, आणि प्रश्नही याबद्दलच सर्वांत जास्त विचारायला हवेत. मुलीच्या कमरेच्या हार्नेसला, म्हणजे अंगावर बांधायच्या पट्ट्यांना, दोन स्वतंत्र दोर जोडलेले हवेत: एक उतरण्याचा, तो डिसेंडर या आठाच्या आकाराच्या धातूच्या कडीतून जातो, दुसरा बिलेचा, म्हणजे पडता पडता धरून ठेवणारा, तो वर प्रशिक्षकाच्या हातात असतो. दोन्ही दोरांचे अँकर, म्हणजे वर दोर बांधायच्या जागा, वेगळे. एकाच झाडाला किंवा एकाच बोल्टला दोन्ही बांधलेले दिसले तर तिथून मुलीला परत आणा. दोर आणि हार्नेस जोडणारी कडी, म्हणजे कॅराबिनर, स्क्रूचा असावा आणि स्क्रू फिरवून बंद केलेला असावा. हार्नेसचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर बसला पाहिजे. आवळल्यावर आत सपाट दोन बोटे जावीत, मूठ जाता कामा नये. लहान चणीच्या, अजून कंबर न भरलेल्या मुलींना नुसता कमरेचा हार्नेस खाली सरकू शकतो. त्यांना छातीचा जोडपट्टा किंवा अंगभर हार्नेस लागतो. त्या मापाचे हार्नेस किती आहेत, हे आकड्यात विचारा.

मुलींच्या बाबतीत हमखास होणारी एक चूक प्रशिक्षकांच्या लक्षात नसते: केस. डिसेंडर पोटाजवळ असतो. मुलगी खाली बघायला वाकते, मोकळी वेणी पुढे येते आणि दोराबरोबर डिसेंडरमध्ये ओढली जाते. तिचे सगळे वजन त्या दोरावर असल्याने केस सुटत नाहीत. ती कड्याच्या मध्यावर लटकलेली, मान पुढे खेचलेली. ओढणी, जॅकेटची नाडी, लांब कानातले यांचेही तेच होते. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. वेणी घालून टी-शर्टच्या आत खोचायची, वरून हेल्मेट, ओढणी नाही, कानातले काढलेले. अडकलेच तर दोरावरचा भार काढता आला पाहिजे. त्यासाठी उतरण्याचा दोर वरच्या अँकरला भार असतानाही सैल सोडता येईल अशा पद्धतीने बांधलेला असावा, किंवा दुसरा प्रशिक्षक शेजारच्या दोराने तिच्यापर्यंत उतरून प्रुसिकच्या (भार आला की दोरावर आवळणाऱ्या) गाठीने तिचे वजन उचलू शकला पाहिजे. ‘केस अडकले तर काय करता?’ हा एक प्रश्न विचारा. जो लगेच पायरी-पायरीने सांगतो, त्याने हे काम केलेले आहे. जो ‘असं होतच नाही’ म्हणतो, त्याच्या हाती मुलगी देऊ नका.

उतरायच्या दोरांच्या किती लायनी लावतात तेही विचारून ठेवा. एका मुलीला आठ मिनिटे धरली तर ४० मुलींना एका लायनीवर ३२० मिनिटे लागतात, म्हणजे पाच तासांवर. तेवढा वेळ बाकीच्या मुली कातळावर तापत बसतात. निदान दोन लायनी, सकाळी अकराच्या आत काम संपलेले आणि वाट पाहायला सावली हवी.

कड्यावर आग्यामोहोळ असेल तर त्या जागी कार्यक्रमच होऊ नये. उन्हाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर ही पोळी लटकलेली असतात. धूर, आरडाओरडा, उग्र वासाचे अत्तर यांनी माश्या उठतात. शेकोटी कड्याखाली पेटवणारा आयोजक नवखा समजावा. फुरसे आणि विंचू दगडांखाली असतात, म्हणून तंबू लावताना दगड हाताने उचलायचे नाहीत, आधी काठीने हलवायचे. सर्पदंशावरचे प्रतिविषाचे इंजेक्शन ज्या ग्रामीण रुग्णालयात आहे ते किती मिनिटांवर आहे आणि शिबिरस्थळी रात्री गाडी उभी असते का, हे माहीत करून घ्या. १०८ ची रुग्णवाहिका घाटात पोहोचायला वेळ लागतो. धरणाच्या पाण्यात उतरवणार असतील तर लाइफ जॅकेट घालून खांद्याला धरून वर ओढून बघावे. ते हनुवटीपर्यंत सरकले तर माप मोठे आहे.

एवढे सगळे पाहायचे, मग मुलींसाठी वेगळे शिबिर घ्यावेच कशाला? कारण एकच, आणि ते आम्हाला पुरेसे वाटते. मिश्र गटात तंबू ठोकायचा दगड, दोर, चूल या गोष्टी मुलगे आधी उचलतात आणि मुलींच्या वाट्याला भाजी चिरणे येते. मुलींच्याच गटात सगळे काम त्यांनाच करावे लागते. पण ते खरोखर त्यांना करू दिले तर. चांगल्या शिबिरात आठ जणींच्या गटाला ८०० ग्रॅम तांदूळ, ४०० ग्रॅम मूगडाळ, मीठ, हळद, कांदे, बटाटे आणि काडेपेटी देतात आणि ताई दहा पावले दूर बसतात. पहिल्यांदा चुलीचे तीन दगड डगमगतात. मग मोठी लाकडे आधी घातल्याने नुसता धूर होतो. वाळका पाला, त्यावर बोटाएवढ्या काटक्या, त्यावर मनगटाएवढी लाकडे, हा क्रम दुसऱ्या प्रयत्नात सापडतो. उघड्या पातेल्यात पाणी भराभर आटते, म्हणून पाच लिटरच्या आसपास लागते. कुकरच्या अंदाजाने घातले तर डाळ कच्ची राहते आणि खिचडी बुडाला लागते. बुडाला लागलेली खिचडी आठ जणी पातेले खरवडून खातात. ज्या शिबिरात हेच काम आचारी करतो आणि मुली फोटोपुरता पळीला हात लावतात, तिथे पैसे वाया गेले म्हणायचे.

तसेच वाया जातात ते मेंदी, नेल आर्ट, केक आणि ‘ग्रूमिंग’वर. यात वाईट काही नाही, पण त्यासाठी भोरच्या डोंगरात जायला नको. दोन तासांच्या स्वसंरक्षण वर्गाकडूनही फार अपेक्षा ठेवू नका. एवढ्या वेळात हाताची पकड सोडवणे पाहून होते, अंगी बाणत नाही. त्या वेळात मोठ्याने ओरडणे, पळणे आणि घरी येऊन सांगणे याचा रोज पंधरा मिनिटे सराव घेणारी शिबिरे जास्त शहाणी.

दूर पाठवायचे नसेल तर दोरीचा मल्लखांब हा उन्हाळ्याचा उत्तम उपयोग, आणि आमच्या मते मुलींसाठी महाराष्ट्रातला सर्वांत चांगला. दादरचे समर्थ व्यायाम मंदिर किंवा पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ यांच्यासारख्या जुन्या संस्थांनी हा खेळ टिकवला. वर टांगलेल्या सुती दोरीला गाठ नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात दोरी पकडून वर चढायचे, मग साधी अढी, म्हणजे दोरीवर पायांची पकड. पहिले चार दिवस बेचक्यातली कातडी सोलवटते, मांडीच्या आत वळ उठतात. इथेच बऱ्याच मुली सोडतात. खोबरेल लावून एक दिवस विश्रांती द्यावी आणि पाचव्या दिवशी परत पाठवावे. कातडी निबर झाली की दुखणे कमी होते. खाली जाड गादी आणि हाताशी उभी असलेली शिक्षिका नसेल तर मात्र तिथे घालू नका.

अभ्यासाकडे ओढा असेल तर पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेचा उन्हाळी कार्यक्रम आहे. गणितातल्या मुलींसाठी युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिंपियाड ही मुलींची आंतरराष्ट्रीय गणित स्पर्धा ही वेगळी वाट आहे. ती २०१२ मध्ये केंब्रिजला सुरू झाली आणि भारताचा चार जणींचा संघ २०१५ पासून जातो. तिच्या प्रशिक्षण शिबिराला पैसे भरून जागा मिळत नाही, ऑलिंपियाडच्या चाळणीतूनच जावे लागते. म्हणून ‘ऑलिंपियाड समर कॅम्प’ असा फलक लावलेल्या क्लासशी तिची गल्लत करू नका.

निवासी शिबिराचे पैसे भरण्याआधी एक कागद मागा. राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आले आणि त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणीपत्र, विम्याचा कागद आणि प्रशिक्षकांची नावे व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाली पाहिजेत. आठ मुलींमागे एक प्रशिक्षक आणि त्यात निम्म्या स्त्रिया, एवढे आम्ही धरतो.

तुकडी निवडायची मुभा असेल तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा घ्या. मेच्या शेवटी काजवे दिसतात हे खरे, पण दुपारनंतर वळीव येतो, विजा पडतात आणि उघड्या माळावरचे तंबू तासाभरात रिकामे करावे लागतात. तरी त्याच तुकडीत जायचे असेल, तर सगळ्या मुली मावतील अशी पक्क्या छताची शाळा किंवा देऊळ जवळ आहे का, ते विचारून घ्या.