लिनोकटचा तयार डबा: लिनो झकास, शाई बदला

लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर छापायचं. बडोद्यात कलासाहित्याच्या आणि स्टेशनरीच्या दुकानांत हल्ली त्याचे तयार डबे दिसतात. हजार रुपयांच्या आतला, नवशिक्यांसाठी म्हणून विकला जाणारा जो साधा डबा आहे, त्याबद्दल हे लिहितोय. आत ए५ आकाराचे दोन राखाडी लिनो, एक मूठ, तिच्यात बदलून बसणारी पाच पाती, सहा सेंटिमीटरचा रबरी रोलर, पाण्यात विरघळणाऱ्या काळ्या शाईची ट्यूब आणि मंडल, हत्ती, मोर अशा नक्षीचे छापील कागद. मत आधीच सांगून टाकतो: लिनोसाठी घ्या, पाती चालवून घ्या, शाई बदला आणि नक्षीचे कागद डब्यातच राहू द्या.

लिनो खरा आहे, ही मोठीच गोष्ट. मागच्या बाजूला तागाचं विणकाम दिसतं आणि नाकाशी धरला तर जवसाच्या तेलाचा वास येतो. जवसाचं तेल, राळ आणि बुचाचा भुगा यांतून हा पदार्थ बनतो, म्हणून तो तापमानाप्रमाणे वागतो. उत्तरायणाच्या सुमारास सकाळी तो कडक असतो, पातं घसरतं आणि कडेचे टवके उडतात. पाच मिनिटं उन्हात ठेवा, नाहीतर वर फडकं घालून कोमट इस्त्री फिरवा. मे महिन्यात उलटं: उन्हात राहिलेला लिनो इतका मऊ होतो की रेघ कापली न जाता ओढली जाते. पृष्ठभाग तुकतुकीत असेल तर चारशे नंबरच्या पॉलिशपेपरने अलगद घासून घ्या, शाई सारखी बसते.

पात्यांचं पोलाद मऊ आहे. एक ठोकळा, म्हणजे लिनोचा एक तुकडा, कोरून होईतो धार जाते आणि रेघेच्या कडा फाटल्यासारख्या दिसू लागतात. जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या, खरखरीत बाजूला पितळ चकचकीत करायचं पॉलिश लावा आणि पातं उलट्या दिशेने आठ-दहा वेळा ओढा. आतल्या खाचेसाठी चामड्याची घडी वापरा. मुठीत पातं हलत असेल तर बुडाला कागदाची चिंधी गुंडाळून बसवा. पाचांपैकी खरी कामाची दोनच: इंग्रजी व्हीसारख्या तोंडाचं बारीक पातं आणि यूसारख्या तोंडाचं मधलं. बाकीची क्वचित लागतात.

पातं फार उभं धरू नका. पृष्ठभागाशी वीस-पंचवीस अंशांचा कोन पुरे, खोली एक ते दीड मिलिमीटर. तागाचे धागे दिसले म्हणजे फार खोल गेलात. रेघेच्या भिंती बाहेरच्या बाजूला उतरत्या हव्यात. आतून पोखरली गेलेली बारीक रेघ छापताना दाबाखाली मोडते. वळण कोरताना मनगट न वळवता लिनो फिरवा आणि दुसरा हात कायम पात्याच्या मागे ठेवा. डब्यात अडणीची फळी नाही, ही खरी उणीव. सुताराकडून साधी फळी करून घ्या: पुढच्या कडेला खालून एक पट्टी, म्हणजे फळी टेबलाला अडते, मागच्या कडेला वरून एक, म्हणजे लिनो अडतो. बोटं वाचतात.

शाईबद्दल मात्र नाराजी आहे. उन्हाळ्यात पंख्याखाली ती, रोलरने पसरायला घेतलेल्या काचेवरच सुकू लागते, मग कागद चिकटतो आणि उचलताना सोलला जातो. पाणी घातलं की पातळ होऊन बारीक रेघांत उतरते. अर्ध्या चमच्याला एक थेंब ग्लिसरीन घातलं तर काम निभावतं, पण तेलाची काळी शाई घेतलेलीच बरी. काच आणि रोलर आधी स्वयंपाकाच्या तेलाने, मग साबणाने पुसा. थिनर रबराला लावू नका. तेलाची छपाई वाळायला मात्र काही दिवस द्यावे लागतात.

ए५ ठोकळ्याला पाव चमचा शाई पुष्कळ. काचेवर रोलर फिरवताना बारीक सळसळ ऐकू यायला हवी. चटचट आवाज आला की शाई जास्त झाली. रोलर ठोकळ्यापेक्षा अरुंद असल्याने त्याच्या कडेच्या रेघा उमटतात. म्हणून उभा-आडवा, दर वेळी उचलून, थोडी थोडी शाई चढवा. पहिले दोन-तीन छाप फिकेच येतात, त्यावरून कोरीवकामाचा निकाल लावू नका. छापात पांढरे ठिपके असतील तर शाई किंवा दाब कमी, बारीक रेघा बुजल्या तर शाई जास्त.

कागद डब्यात नाहीच. जाड कार्ट्रिज (चित्रकलेचा कागद) हाताने नीट छापला जात नाही; साठ-सत्तर ग्रॅमचा हातकागद किंवा नेपाळी कागद घ्या आणि पळीच्या पाठीने गोल गोल घासा. एक कोपरा उचलून पाहा, कमी वाटलं तर परत बसवून घासा.

आता नक्षीचे कागद. ते कोरले की हाताला सवय होते, हे खरं, पण रेघ दुसऱ्याचीच राहते. लिनोच्या छापात करड्या छटा नाहीत, काळं किंवा पांढरं. काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे प्रत्येक ठिकाणी ठरवावं लागतं, आणि कलाकाराचा स्वभाव दिसतो तो याच निवडीत. त्यासाठी हाच डबा वेगळा वापरता येतो. एका ए५ लिनोतून सात बाय सात सेंटिमीटरचे सहा तुकडे निघतात. वरून कटरने खाच द्या, मागे वाकवा, मग ताग पाठीमागून कापा. सहाही तुकड्यांवर एकच विषय घ्या: दांडिया बाजारातल्या जुन्या घराचा लाकडी खांब, मांडवीची कमान, काहीही, फक्त समोर बसून काढलेलं. एकात फक्त व्हीच्या रेघा, एकात फक्त यू, एकात सगळं काळं ठेवून प्रकाश तेवढा कोरलेला, एकात त्याच्या उलट. उरलेले दोन मनाला येतील तसे. सगळे एकाच कागदावर ओळीने छापा. कुठली वळणं आपण टाळतो, कुठे उगाच भरत सुटतो, ते लगेच कळतं. अक्षरं घालणार असाल तर ट्रेसिंग पेपर उलटा करून उतरवा, नाहीतर शिरोरेघेसकट सगळं आरशातलं छापलं जाईल.

या गावाला हे नवं नाही. १९५० मध्ये सुरू झालेल्या इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागात इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली शिकलेले ज्योती भट्ट पुढे न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये छापचित्रण शिकून परतले, पण त्यांच्या छापांत आले ते गुजरातेतले पोपट, गोंदणं आणि अक्षरं. तंत्र कुठूनही उचलावं, अशी बडोद्याची रीतच आहे.

दुरंगी काम करायचं असेल तर एकाच ठोकळ्यावर टप्प्याटप्प्याने कोरून छापता येतं. मात्र मागे फिरता येत नाही, म्हणून दहा प्रती हव्या असतील तर पहिल्या रंगाचे पंधरा छाप काढा. छापाखाली पेन्सिलने डावीकडे ३/१० (दहांपैकी तिसरी प्रत) असा क्रमांक, मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे सही.

लहान मुलांना हा डबा देऊ नका, पाती मुलांच्या हातची नाहीत. आणि सुटा लिनो, एक चांगलं व्ही, एक यू आणि तेलाची शाई वेगवेगळी मिळत असेल, तर डबा घ्यायची गरजच नाही. रोलर तेवढा दहा सेंटिमीटरचा घ्या.