संथ कॉम्प्युटर: डीफ्रॅग करावं, रॅम वाढवावी की एसएसडी बसवावी?

कॉम्प्युटर रडतखडत चालतोय म्हटलं की सोसायटीतला कुणीतरी इंजिनिअर हमखास सांगतो, ‘डीफ्रॅग करून बघा ना’, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र लावा. टिळक रस्त्यावरच्या दुकानात गेलात तर रॅम, म्हणजे मेमरी, वाढवा म्हणतील. पैसे काढण्याआधी घरीच दोन गोष्टी बघून घ्या. स्टार्टमध्ये ‘डीफ्रॅग’ शोधा. जी यादी उघडते तिच्यात प्रत्येक ड्राइव्हपुढे हार्ड डिस्क (फिरती तबकडी) की सॉलिड स्टेट (म्हणजेच एसएसडी, चिपवरची साठवण) हे लिहिलेलं असतं. मग टास्क मॅनेजर उघडा आणि मशीन अडकतं तेव्हा डिस्क आणि मेमरी किती टक्क्यांवर आहे ते पाहा.

डीफ्रॅग फुकट आहे, पण उपयोग फक्त हार्ड डिस्कवर. लॅपटॉपमधली तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. फाइलचे तुकडे विखुरले असतील तर वाचणाऱ्या हेडला दर तुकड्यासाठी सरकायचं आणि तबकडी फिरून समोर यायची वाट बघायची. तुकड्यामागे १५ मिलिसेकंद धरले तरी ५०० तुकड्यांना साडेसात सेकंद नुसते शोधण्यात जातात. मात्र विंडोज हे काम व्हिस्टापासून ठरावीक दिवशी आपणहून करतं. त्यामुळे हाताने केल्यावर फार फरक पडत नाही. अर्ध्या तासासाठी चालू करून लगेच बंद होणारं मशीन असेल, तर तिथे ते राहून गेलेलं असू शकतं. डिस्क टकटक वाजत असेल तर डीफ्रॅगच्या वाटेला जाऊ नका, आधी बॅकअप घ्या.

एसएसडीत सरकणारं काही नाही, त्यामुळे तुकड्यांचा त्रास जवळपास नाही. तिथे जुन्या पद्धतीने डीफ्रॅग करणं म्हणजे उगाच लिहून लिहून तिचं आयुष्य झिजवणं. विंडोजचं ‘ऑप्टिमाइझ’ बटण दाबायला हरकत नाही, ते एसएसडीला मुख्यतः ट्रिमची, म्हणजे कुठली जागा मोकळी झाली त्याची, सूचना देतं.

रॅम ४ जीबी आणि मेमरी सतत नव्वदीच्या पुढे? मग आधी ८ जीबी करा. मेमरी अपुरी पडली की विंडोज डिस्कवर भार टाकतं, आणि दोष डिस्कचा वाटतो.

मेमरीत जागा आहे, पण डिस्क शंभरावर अडकलीय, तर माझं मत सरळ एसएसडीला. साध्या साटा (जुन्या प्रकारच्या जोडणीच्या) एसएसडीचाही वेग सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास. हार्ड डिस्क साधारण १०० एमबी. बारीकसारीक फाइली वाचण्यातली तफावत तर कितीतरी पट मोठी, आणि विंडोज सुरू होताना तेच चालतं.

नव्या मशीनचा विचार एकाच कारणाने करावा लागेल. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. अशा जुन्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करायचे असतील तर खर्च आवरता घ्या. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी सिस्टिम चालणार असेल तर एसएसडी तिथेही वसूल होते.

काढलेली डिस्क दुकानात सोडू नका, तिच्यावर तुमच्या पॅन-आधारच्या प्रती असतील. धडधाकट असेल तर यूएसबीची केसिंग आणा, बॅकअपला कामी येते.