मुलींची रग्बी सेव्हन्स: सीरिजचे पॉइंट्स की एका वीकेंडची क्वालिफायर?

इथल्याच, बडोद्यातल्या गोत्रीहून एकाचा फोन आला परवा. "काका, आम्ही पण मुलींची सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणींची रग्बी, घेतोय, मैदान दोनच दिवस मिळतंय म्हणून आठ टीमच बसतात आणि नावं आलीत बारा, आता कापायच्या कोणाला?" आम्ही हे दोन्ही प्रकारे करून पाहिलंय, एक वर्ष असं आणि एक वर्ष तसं, म्हटलं लिहूनच टाकतो, प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा बरं.

आम्ही दोन्ही वेळेला नक्कल केली ती ऑलिम्पिकचीच. पॅरिस २०२४ ला मुलींच्या १२ जागा होत्या. एक यजमान फ्रान्सची, चार २०२२-२३ च्या वर्ल्ड सीरिजमधून, म्हणजे सीझनभराच्या टूर्नामेंटच्या पॉइंट्सवरून, सहा खंडांच्या क्वालिफायरमधून प्रत्येकी एक, आणि शेवटची एक मोनाकोच्या रेपेचाजमधून, ती चीनने घेतली. रेपेचाज म्हणजे हरलेल्यांना मिळणारी आणखी एक संधी, दांडिया बाजारातल्या तालमीत गेलेल्या कुणालाही ते समजवायला नको, कुस्तीत साक्षी मलिकचं रिओचं ब्राँझ तिथूनच आलेलं.

पहिल्या वर्षी मी सीरिजवाला होतो. अगदी हट्टाने. माझं म्हणणं असं की सेव्हन्स चौदा मिनिटांचा खेळ, एक बॉल हातातून सुटला, एक पिवळं कार्ड मिळालं की मॅच गेली, मग एका दिवसावर कुणाचं भवितव्य कशाला टांगायचं? न्यूझीलंडच्याच मुली बघा ना, २०२२-२३ च्या सीझनला सात टूर्नामेंट होत्या, पहिलीच दुबईची ट्रॉफी ऑस्ट्रेलियाने नेली आणि त्यानंतरच्या सहाच्या सहा न्यूझीलंडने. जिंकणाऱ्याला २०, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १६ असे पॉइंट्स, सगळी बेरीज करायची, म्हणजे एक वाईट रविवार पचून जातो. आणि कोण खरंच चांगलं ते टेबलवर दिसतं, भांडायला जागा राहत नाही. असं मला वाटायचं.

तर आम्ही ११ टीम, चार रविवार, तेच २०-१८-१६ चे पॉइंट्स, वरच्या आठ आत, असं ठरवलं. कागदावर सुंदर दिसत होतं. पहिला रविवार मस्त गेला. दुसरा नवरात्रात आला आणि बडोद्यात नवरात्रात सकाळी सातला मैदानावर मुली मागणं म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको, रात्री एक-दोनला गरब्यातून आलेली मुलगी सातला टॅकल करणार कशी. तीन टीम आल्याच नाहीत. ज्या आल्या त्यांना वॉकओव्हर. वॉकओव्हरचे पॉइंट्स पूर्ण, कारण नियम आम्हीच तसा लिहिलेला, पुढचा विचारच केला नव्हता.

पण खरी बोच ती नाही. छोटा उदेपूरकडची एक टीम होती, शंभरेक किलोमीटरवरून यायची, भाडं सर आणि पोरी मिळून काढायचे. पहिल्या रविवारी त्यांनी सगळ्यांना धुतलं, म्हणजे आमच्या इथल्या टीमांचे कोच एकमेकांकडे बघत राहिले अशा पळत होत्या त्या पोरी. पुढचे दोन रविवार त्यांना जमलं नाही, एकदा गाडी नाही, एकदा पैसे नाहीत. चौथ्या रविवारी आल्या, परत फायनलला. शेवटी बेरीज केली तर नवव्या. आणि आठव्या नंबरावर कोण? जिने दोन वॉकओव्हर घेतले आणि खरीखुरी मॅच एकच जिंकली ती, मैदानापासून दहा मिनिटांवर राहणारी टीम. टेबल मीच एक्सेलमध्ये बनवलेलं, बेरीज तीनदा तपासली, बरोबरच होती. त्यांच्या सरांना फोन मी केला. ते काही बोलले नाहीत, "बरं साहेब" म्हणाले फक्त.

तेव्हापासून सीरिजचं नाव निघालं की मला तो फोन आठवतो, त्यामुळे माझं मत थोडं कलतं असेल, ते धरूनच वाचा.

मोठ्या पातळीवर पण हेच आहे म्हणा. सीरिजमधून यायचं तर आधी सीरिजमध्ये असायला हवं, आणि आता २०२५-२६ पासून तीन डिव्हिजन करून वरच्या डिव्हिजनला फक्त ८ टीम ठेवल्यात, म्हणजे दरवाजा अजूनच अरुंद. आपल्या मुली आशियातच वरच्या फळीत जायला धडपडतायत, त्यांनी सात शहरांचा सीझन कुठून खेळायचा? आणि वरून कुणाला कशी लॉटरी लागेल सांगता येत नाही. फ्रान्स पहिल्या चारात होता पण यजमान म्हणून आधीच आत, म्हणून पाचव्या नंबरच्या आयर्लंडला तिकीट. आयर्लंडच्या मुली चांगल्याच आहेत, तक्रार नाही, पण "टेबल खोटं बोलत नाही" हे काही अगदी शंभर टक्के खरं नाही एवढंच.

दुसऱ्या वर्षी क्वालिफायर घेतली. यजमान म्हणून आमची एक टीम, गेल्या वर्षीच्या फायनलच्या दोन, उरलेल्या चार जागांसाठी शनिवार-रविवार चार गट आणि गटात पहिली ती आत, आणि चारही गटांतल्या दुसऱ्यांमध्ये शेवटच्या एका जागेसाठी मारामारी. त्या मॅचचं नाव पोरींनीच "मोनाको" पाडलं, आता सगळे तेच म्हणतात.

यात पण कटकट आहे, लपवत नाही. गट सारखे पडत नाहीत. बघा, पॅरिसच्या वेळी ओशनियात न्यूझीलंड-ऑस्ट्रेलिया आधीच आत गेलेले म्हणून फिजीला रस्ता मोकळा, आणि आशियात जपान आणि चीन दोघी तगड्या पण जागा एक, ती जपानने घेतली, म्हणून चीनला मोनाकोपर्यंत जावं लागलं. आमच्याकडे पण एक गट एवढा सोपा पडला की बाकीचे कोच नाराज. शिवाय एखादी मेन प्लेयर शनिवारी सकाळी पाय मुरगाळून बसली की संपलं. पाऊस आला तर तर बोलूच नका.

पण मला विचाराल तर ही पद्धत खोटी माणसं आत सोडते असं काही दिसलं नाही. टोकियोला फ्रान्सच्या मुली मोनाकोतूनच, अगदी शेवटच्या घटकेला आत आल्या होत्या, आणि सिल्व्हर घेऊन गेल्या. पॅरिसला कॅनडा खंडाच्या क्वालिफायरमधून आला, सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध १२-० ने मागे पडून २१-१२ ने जिंकला, सिल्व्हर. सलग दोन ऑलिम्पिक.

तुमच्या सगळ्या टीम गावातल्याच असतील, रिक्षाने येणाऱ्या, आणि तारखा नवरात्र-उत्तरायण-परीक्षा सोडून मिळत असतील तर सीरिज करा, वाईट नाही, मुलींना मॅचेस पण जास्त मिळतात, तो फायदा मी नाकारत नाही. फक्त वॉकओव्हरला पूर्ण पॉइंट्स देऊ नका, अर्धे द्या किंवा शून्य. पण एक जरी टीम बाहेरून, स्वतःच्या खर्चाने येत असेल तर माझ्या मते एकदाच बोलवा, दोन दिवस जेवू-झोपू घाला, आणि जे व्हायचं ते मैदानावर होऊ द्या.

गेल्या वर्षी छोटा उदेपूरच्या पोरी गटात दुसऱ्या आल्या आणि मोनाको जिंकून आत गेल्या. यंदा ती मॅच आम्ही रविवारी दुपारी एकला आणलीय, तेव्हा चारला होती, कारण त्यांची परतीची बस साडेचारला सुटते.