मोटर का थांबली हे सांगणारा मोबाईल स्टार्टर

वसमत तालुक्यात आमची हळद आणि रब्बीचा गहू-हरभरा विहिरीच्या पाण्यावर आहे. शिवारात कालवा आहे, पण सगळ्या पाळ्या कालव्यावर भागत नाहीत. कृषी फीडरवर, म्हणजे शेतीपंपांच्या वेगळ्या वीजवाहिनीवर, थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते, म्हणजे आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, साधारण आठ तास. आणि रात्रीची पाळी आली की घरातल्या कुणीतरी हातात बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीवर जायचे, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलेले आहे. बांधावरची घोणस, अंधारातली मण्यार आणि दवाने ओली झालेली स्टार्टरची पेटी यांची भीती ज्याने अनुभवली आहे, त्याला फोनवरून मोटर चालू-बंद करणारा मोबाईल स्टार्टर ही चैनीची वस्तू वाटणार नाही. गेल्या वर्षीच्या हळद लागवडीपासून आम्ही तो पाच एचपीच्या पाणबुडी मोटरीवर वापरत आहोत, आणि घेण्याच्या विचारात असलेल्या शेतकऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून त्याचे गुणदोष येथे सविस्तर नोंदवत आहे.

यंत्र म्हणजे एक छोटी प्लास्टिकची पेटी. आत सिमकार्डाची खाच, लाईट गेल्यावरही निरोप देता यावा म्हणून ठेवलेली लहानशी चार्जिंगची बॅटरी, जुन्या स्टार्टरच्या हिरव्या आणि लाल बटणांचे काम करणारे रिले, आणि मोटरीकडे जाणाऱ्या वायरीवर चढवायचे प्रवाह मोजणारे एक कडे, ज्याला वायरमन मंडळी सीटी म्हणतात. तिन्ही फेजच्या वायरी पेटीला जोडलेल्या असल्यामुळे कोणता फेज आला आहे, व्होल्टेज किती आहे आणि मोटर किती अँपिअर ओढते आहे हे तिला सतत कळत असते. जुना स्टार्टर काढावा लागत नाही. त्याच्या शेजारीच ही पेटी बसते. पेटीतल्या नंबरवर फोन लावला की पलीकडून मराठीत आवाज येतो, लाईट आहे की नाही ते सांगतो, आणि मोटर चालू करण्यासाठी एक, बंद करण्यासाठी दुसरा आकडा दाबायला सांगतो. नोंदवलेल्या नंबरांखेरीज इतर कुणाचा फोन आला तर ती दाद देत नाही. आमच्या आबांकडे बटणांचा साधा फोन आहे आणि त्यांना एसएमएस वाचता येत नाहीत, म्हणून मराठी आवाजाची सोय असलेलेच यंत्र घ्यायचे हे आधीच ठरवले होते. केवळ ॲपवर चालणारी काही यंत्रे दुकानात दाखवली गेली. ती दिसायला देखणी होती, पण घरातल्या सर्वांत अनुभवी माणसाला वापरता येत नसेल तर असे यंत्र शेतात लावून काय उपयोग?

घरबसल्या मोटर चालू होते याचे सुरुवातीला सर्वांनाच अप्रूप वाटते, आणि दुकानदारही तेवढेच दाखवून माल विकतो. माझ्या मते मात्र या यंत्राची खरी किंमत मोटर थांबल्यावर कळते. ती का थांबली हे ते सांगते, आणि याच एका गोष्टीसाठी मी ते पुन्हा विकत घेईन. थ्री फेज मोटर चालू असताना एखादा फेज गेला तर उरलेल्या दोन फेजवर ती तशीच घुमत राहते, त्या दोन वायरींतून नेहमीपेक्षा बराच जास्त प्रवाह जातो, वाइंडिंग तापते आणि काही मिनिटांतच मोटर जळू शकते. रिवाइंडिंगचा खर्च होतोच; शिवाय ऐन पाळीत मोटर वर ओढून काढणे, वसमतला किंवा नांदेडला नेणे आणि ती परत येईपर्यंत पिकाने वाट पाहणे, हे नुकसान कोणत्याही बिलात दिसत नाही. एका थंडीच्या रात्री आबांच्या उशाशी फोन वाजला आणि पेटीने सांगितले, "एक फेज नाही. मोटर बंद केली आहे." पूर्वी असे झाले असते तर नुसती मोटर बंद पडल्याचे कळले असते, तेही शेजारच्या शेतातून कुणी हाक मारली तर, मग विहिरीवर जायचे, हिरवे बटण दाबून पाहायचे, मोटर घुमली की पुन्हा लाल दाबायचे आणि अंधारात डीपीपर्यंत, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत, चालत जायचे. त्या रात्री आबा म्हणाले, "डीपीवरचा फ्यूज गेला असंल, सकाळी लाईनमनला सांगू," आणि कूस बदलून झोपले. सकाळी फ्यूजच गेलेला निघाला.

दुसरी तितकीच महत्त्वाची खबर कोरड्या मोटरीची. मार्च-एप्रिलमध्ये आमची विहीर थोड्याच वेळात उपसते, आणि पाण्याशिवाय फिरणारी पाणबुडी मोटर थंड राहत नाही, कारण तिला थंड ठेवणारे पाणीच भोवती नसते. पाणी तुटले की मोटरीवरचा भार हलका होतो आणि ती ओढत असलेले अँपिअर खाली येतात. ही घट ओळखून पेटी मोटर बंद करते आणि ठरवून दिलेल्या वेळानंतर, म्हणजे विहिरीत झरे भरून आल्यावर, पुन्हा चालू करते. येथे एक काळजी अवश्य घ्यावी. भरल्या विहिरीत मोटर किती अँपिअर ओढते हे पेटीला एकदा शिकवावे लागते, आणि वायरमन घाईत असला तर तो हे काम मोटर चालू केल्याबरोबर उरकतो. पाइपमध्ये पाणी पूर्ण भरून प्रवाह स्थिर झाल्यावर, आणि व्होल्टेज नेहमीसारखे असताना, ही नोंद केली तरच पुढे खोट्या सूचना येत नाहीत. ओलित पद्धत बदलली, पाइप वाढवला किंवा ठिबकचा नवा फिल्टर बसवला, तर हीच नोंद पुन्हा करून घ्यावी.

या यंत्राकडून जी अपेक्षा ठेवू नये तीही सांगतो. ते मोटर चालवते, पाणी फिरवत नाही. मोकाट पाणी देणाऱ्याला रात्री दारे धरायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, शेतात जावेच लागते, आणि माणूस तिथे असताना बटण दाबायला फोनची गरज नसते. आमची हळद बेडवर असून ठिबकवर आहे. व्हॉल्व्ह दिवसा फिरवून ठेवले की रात्री मोटर चालू करण्याखेरीज काही करायचे उरत नाही. ज्यांच्याकडे ठिबक किंवा तुषार आहे, किंवा रात्री विहिरीतून शेततळे भरून दिवसा तेथून पाणी द्यायचे आहे, त्यांना याचा पुरेपूर लाभ होतो. उसाला सरीने पाणी देणाऱ्या शेजाऱ्यांनी मला विचारले तेव्हा मी त्यांना आधी हेच सांगितले.

आता सिमकार्ड. यंत्राबद्दलच्या ज्या तक्रारी गावात ऐकू येतात, त्यांतल्या बहुतेक तपासल्यावर सिमच्या किंवा नेटवर्कच्या निघतात. स्वस्त यंत्रांमध्ये टू-जी मॉड्यूल असते, आणि जिओचे जाळे सुरुवातीपासून फोर-जीचे असल्यामुळे अशा यंत्रात जिओचे सिम चालत नाही. एअरटेल, व्ही (व्होडाफोन-आयडिया) किंवा बीएसएनएल यांपैकी ज्याची टू-जी रेंज विहिरीपाशी मिळते तेच घालावे लागते. घराच्या ओट्यावर रेंज आहे म्हणून विहिरीवरही असेल असे धरून चालू नये. सिम विकत घेण्यापूर्वी साध्या फोनमध्ये घालून विहिरीपाशी जावे आणि कॉल येतो-जातो का ते पाहावे. पेटी लोखंडी कपाटात ठेवली असेल तर अँटेना वायरीने बाहेर काढून उंचावर लावणे आवश्यक आहे, अन्यथा लोखंडच रेंज अडवते. सिमचा पिन लॉक काढून टाकावा. रिचार्ज संपल्यावर आपण लावलेला फोनही पेटीपर्यंत पोहोचेनासा होतो, आणि ऐन पाळीच्या रात्री हे लक्षात येते, म्हणून रिचार्जची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवण्याची पद्धत आमच्या घरात आता पक्की झाली आहे. इंटरनेटची काहीही गरज नसलेल्या या सिमसाठी डेटासह महागडे रिचार्ज मारणे मनाला पटत नसे. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवण्याची मुभा दिली, त्यामुळे हा प्रश्न बराचसा हलका झाला. मोठा वारा-पाऊस होऊन दीर्घकाळ वीज गेली की मोबाईलच्या टॉवरचीही बॅटरी संपते आणि पेटी मुकी होते. त्यावर शेतकऱ्याकडे इलाज नाही.

ऑटो मोडविषयी मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण विक्रेते याचेच सर्वाधिक गोडवे गातात. हा मोड चालू ठेवला की थ्री फेज लाईट येताच मोटर आपोआप सुरू होते, फोनही करावा लागत नाही. सोय मोठी आहे, पण एका डीपीवरच्या सगळ्यांनी तीच केली तर काय होते याचा विचार करावा. सुरू होण्याच्या क्षणी मोटर नेहमीच्या सुमारे सहापट प्रवाह ओढते. ६३ किंवा १०० केव्हीएच्या डीपीवरच्या सगळ्या मोटरी लाईट आल्याबरोबर एकाच क्षणी उठल्या तर फ्यूज उडतो, व्होल्टेज पडते, आणि असेच रोज होत राहिले तर डीपी जळते. जळलेली डीपी बदलून येईपर्यंत उभे पीक वाळते, आणि त्यात आपलेही पीक असतेच. ऑटो स्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वारंवार करते, ते याच कारणासाठी. आमच्या डीपीवरच्या शेतकऱ्यांनी मिळून ठरवले आहे की ऑटो मोड कुणीही वापरायचा नाही आणि लाईट आल्यावर आपापल्या मोटरी थोड्या थोड्या अंतराने फोनवरून चालू करायच्या. ज्यांना ऑटो मोड लागतोच, त्यांनी निदान यंत्रातली उशीर ठरवण्याची सोय वापरून प्रत्येकाची वेळ वेगळी ठेवावी. हा ठराव झाल्यापासून फ्यूज उडण्याचे प्रमाण स्पष्टपणे कमी झाले आहे.

सुरक्षेचा मुद्दा यंत्राच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे. तो पहिल्या पानावर असायला हवा होता. घरातल्या दोन-तीन जणांचे नंबर नोंदवलेले असतात. एक जण विहिरीत उतरून फूटव्हॉल्व्ह साफ करतो आहे किंवा वायर सोलतो आहे, आणि गावातून दुसऱ्याने लाईट आल्याचे ऐकून मोटर चालू केली, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. म्हणून फोनवरून मोटर बंद आहे यावर विसंबून कुणीही वायरीला हात लावू नये. मेन स्विच खाली ओढावा, फ्यूज काढून खिशात ठेवावेत, आणि मगच कामाला लागावे. आम्ही पेटीच्या झाकणावर लाल रंगात हे रंगवून घेतले आहे, आणि सालदारालाही समजावून सांगितले आहे.

दोष दोन ठळक आढळले. पावसाळ्यात एकदा मोटर बंद करण्याचा आदेश पेटीने स्वीकारला, "मोटर बंद केली आहे" असेही सांगितले, पण मोटर चालूच राहिली. आतला रिले चिकटला होता. मोटर खरोखर थांबली की नाही हे सीटीवरून कळण्याची सोय असताना पेटीने खात्री न करता निरोप द्यावा, ही रचनेतली गंभीर चूक आहे आणि कंपनीने ती सुधारलीच पाहिजे. दुरुस्तीसाठी पेटी कंपनीकडे पाठवावी लागली, आणि ती परत यायला इतके दिवस लागले की त्या काळात जुनीच पद्धत चालवावी लागली. फोनवर उत्तरे सौजन्याने मिळाली, पण तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्ती करणारा माणूस नसेल तर सौजन्याचा उपयोग मर्यादितच राहतो. दुसरा दोष विजेच्या कडकडाटाचा. मृगात आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात विजा फार पडतात, आणि विजेने किंवा अतिदाबाने जळालेले सर्किट वॉरंटीत बसत नाही असे पावतीवरच छापलेले आहे. आम्ही मीठ-कोळसा घालून वेगळी अर्थिंग करून घेतली आणि ढग दाटले की मेन स्विच पाडून ठेवतो. मुंग्या आणि पाली उबेसाठी पेटीत शिरतात, तेव्हा वायरी आत जाण्याची छिद्रे बुजवून घ्यावीत.

किमतीविषयी: वायरमनची मजुरी धरून आम्हाला सगळे मिळून पाच हजारांच्या आत पडले. एकदा मोटर जळण्याचा प्रसंग टळला तरी हे पैसे वसूल होतात. ज्यांना सौर कृषी पंप मिळाला आहे त्यांनी मात्र हे घेऊ नये. तो पंप स्वतःच्या कंट्रोलरवर दिवसाच चालतो आणि ही पेटी त्याला जोडण्यासाठी नाही. सौर कृषी वाहिनीमुळे ज्यांच्या फीडरला दिवसा वीज मिळू लागली आहे, त्यांची रात्रीची वारी संपली असली तरी फेज गेल्याची आणि पाणी तुटल्याची खबर त्यांनाही तितकीच लागते.

ओढ्यापलीकडच्या बोअरवर यंदा दुसरा मोबाईल स्टार्टर बसवायचा आहे. त्या वेळी टू-जी मॉड्यूलचे यंत्र घेणार नाही. थोडे पैसे जास्त गेले तरी फोर-जीचे आणि मराठी आवाजाचे घेईन, आणि पैसे देण्याआधी दुकानातच मोटर जोडून, बंद केल्यावर पेटी अँपिअर तपासून निरोप देते की नुसताच देते, हे पाहीन.